आठ महिने जंप स्टार्टर वापरल्यानंतर

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, सकाळी सातची वेळ. केंद्र घरापासून दहा मिनिटांवर. एका सकाळी त्यांना गाडीत बसवलं, चावी फिरवली आणि सेल्फ लागेना. नुसतं कट-कट-कट, डॅशबोर्डवरचे दिवे मंद. शेजारचे काका धावत आले, त्यांच्या गाडीला वायरी जोडून आमची गाडी सुरू करून दिली आणि आम्ही वेळेत पोहोचलो. पण शेवटचा काळा चिमटा आमच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर टेकवला तेव्हा चांगली मोठी ठिणगी उडाली होती. ती काही डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात मी लिथियमचा छोटा जंप स्टार्टर घेतला, म्हणजे दुसऱ्या गाडीशिवाय बॅटरी उतरलेली गाडी सुरू करून देणारं यंत्र. त्याला आता आठ महिने झाले. तीनदा वापरला, चौथ्यांदा मुद्दाम वापरला नाही.

आधी त्या ठिणगीबद्दल, कारण हे कुणी आपल्याला शिकवत नाही. गाडीची नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो 4 टक्के झाला तरी पेटू शकतो. विजेचं वर्तुळ पूर्ण होतं ते शेवटच्या जोडणीला, म्हणजे ठिणगी तिथेच उडणार. म्हणून दोन गाड्यांमध्ये वायरी लावताना आधी लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग काळा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना बरोबर उलट. चिमटे एकमेकांना लागू द्यायचे नाहीत आणि गाड्याही एकमेकींना टेकलेल्या नकोत. मी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवते. पॉझिटिव्ह आणि बॉडी यांच्यामध्ये धातूची अंगठी आली तर ती क्षणात लाल होते.

जंप स्टार्टरमध्ये हा धोका बराच कमी आहे, आणि माझ्या मते हाच त्याचा खरा गुण. दोन्ही चिमटे आधी बॅटरीला लावायचे, आणि वायरीचा प्लग यंत्रात नंतर खोचायचा. चिमटे उलटे लागले तर लाल दिवा लागतो, आवाज येतो आणि करंट सोडलाच जात नाही. पहिल्यांदा वापरला तेव्हा पहाटेचा अंधार होता, हात थरथरत होते आणि मी खरंच उलटे लावले होते. यंत्राने अडवलं. चिमटे बदलले, प्लग खोचला, हिरवा दिवा लागल्यावर सेल्फ मारला. दुसऱ्या सेकंदाला इंजिन सुरू.

दुसऱ्या वेळी आतला दिवा दोन दिवस चालू राहिला होता. बॅटरी इतकी उतरली होती की जोडली आहे हेच यंत्राला कळेना. अशा वेळेसाठी त्यावर वेगळं बूस्ट बटण आहे. ते दाबण्याआधी माहितीपुस्तिका वाचाच: त्या वेळी उलट जोडणीचं संरक्षण बंद असतं. मी टॉर्चने पॉझिटिव्हचं चिन्ह दोनदा पाहिलं आणि मगच बटण दाबलं. सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, नाही लागला तर अर्धा-एक मिनिट थांबायचं. स्टार्टर मोटर आणि यंत्र दोन्ही तापतात.

तिसऱ्यांदा ऑफिसातल्या मैत्रिणीची गाडी. तिची बॅटरी डिकीत, आणि डिकी उघडते विजेवर! बॉनेटखाली लाल टोपीचं जंप टर्मिनल होतं, शेजारी अर्थचा बोल्ट. तिच्या गाडीला स्टार्ट-स्टॉप आहे, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद आणि चालू होतं. अशा गाड्यांत निगेटिव्हवर बॅटरीचा सेन्सर असू शकतो, म्हणून कंपनीने दिलेल्या अर्थच्या जागेवरच काळा चिमटा लावलेला बरा.

चौथी वेळ पार्किंगमधल्या एका आजोबांच्या गाडीची. बॉनेट उघडताच सडक्या अंड्यासारखा वास आला, बॅटरीच्या बाजू फुगलेल्या. अशा बॅटरीला जंप द्यायचाच नाही. फुटलेली, गळणारी किंवा थंडीत गोठलेली असेल तरी नाही. आजोबा म्हणाले, "एकदा लावून तर बघ गं." मी म्हटलं, "नको आजोबा, ही फुटली तर ॲसिड अंगावर येईल." मेकॅनिक येईपर्यंत आम्ही लांब उभे राहिलो.

तक्रारी आहेत. वायरी वीतभर लांब. यंत्र टेकवायला नीट जागा मिळत नाही, आणि इंजिन सुरू झाल्यावर ते हलतं. इंजिन सुरू होताच अर्ध्या मिनिटात चिमटे काढायचे असतात, तेव्हा पंखा आणि पट्ट्यापासून वायर सांभाळणं कठीण जातं. दुसरं म्हणजे ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवता येत नाही. मी ते घरात दाराजवळ ठेवते, पण मग नेमकं बाहेर अडकल्यावर ते जवळ असेलच असं नाही. यावर मला उपाय सापडलेला नाही. चार्ज मात्र चांगला टिकतो. तरी दर तीन महिन्यांनी पूर्ण भरते.

खरं सांगायचं तर पहिल्या दोन वेळांनंतर मला यंत्रापेक्षा बॅटरीचीच काळजी वाटू लागली. जंप दिल्यावर गाडी चालू लागते, पण बॅटरी भरलेली नसते. अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी भरणाऱ्या जनित्राला, ती भरायला काही तास लागतात आणि आमचा प्रवास दहा मिनिटांचा. म्हणजे ती कधी पूर्ण भरतच नव्हती. मल्टिमीटर लावला: रात्रभर उभी राहिल्यावर 12.1 व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना 14.2, म्हणजे अल्टरनेटर ठीक. ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडी बंद करून विजेची गळती मोजली, म्हणजे बंद गाडीही बॅटरीतून किती करंट ओढते ते, ती 30 मिलिॲम्पिअर निघाली. 50 च्या आत असेल तर सहसा चिंता नसते. मग लोड टेस्ट केली, म्हणजे बॅटरीवर भार टाकून ती किती तग धरते ते पाहिलं, आणि त्यात बॅटरी लगेच बसली. पाच वर्षांची होती. बदलली.

नवीन बॅटरी आल्यापासून जंप स्टार्टर आमच्या गाडीला लागलेला नाही. रविवारी मी बाबांना घेऊन पाऊण तासाची फेरी मारते, बॅटरीसाठी. त्यांना ती फेरी आवडते. डायलिसिसच्या आदल्या रात्री मल्टिमीटर लावून आकडा बघते आणि मगच झोपते.