स्कूबाचं 'एका दिवसातलं' सर्टिफिकेट : माझी झालेली फसवणूक

सुट्टीत एखाद्या उष्ण समुद्राच्या बेटावर जाऊन स्कूबा डायव्हिंगचं सर्टिफिकेट घ्यायचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. विशेषतः पूर्वी कधीतरी डाइव्ह केलेलं असेल आणि आता बऱ्याच वर्षांनी पुन्हा पाण्यात उतरायचं असेल, तर नक्की वाचा. माझ्याकडे एक 'ओपन वॉटर डायव्हर' कार्ड आहे, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय डाइव्ह करायची परवानगी देणारं सर्टिफिकेट. त्यावर माझं नाव, जन्मतारीख, इन्स्ट्रक्टरचा क्रमांक, सही, सगळं आहे. पण ज्या संस्थेचा लोगो त्यावर छापलाय, तिच्या दप्तरी माझं नाव कुठेही नाही.

लग्नाआधी मी पाण्याखाली गेले होते, ते ट्राय डाइव्हसाठी. त्यात थोडी माहिती देतात, इन्स्ट्रक्टर सतत जवळ राहतो आणि खोली जास्तीत जास्त बारा मीटर. पुढे नोकरी आणि मुलं यांत ते मागे पडलं, पण ओढ गेली नाही. मुलं मोठी झाल्यावर ठरवलं की आता नीट शिकायचं. कुणाच्या हाताला धरून फिरायचं नाही, आपली टाकी, आपली हवा, आपला तोल आपण सांभाळायचा.

किनाऱ्यावरच्या डाइव्ह सेंटरच्या माणसाने माझी हीच जुनी हकिगत नीट ऐकून घेतली आणि तिचाच वापर केला. "मॅडम, तुम्ही नवख्या नाही. नवख्यांना शिकवतात ते सगळं तुम्हाला कशाला? आपण रिफ्रेशर करू, त्यावर सर्टिफिकेट देऊ. एका दिवसात काम होईल." बोलणं अगदी पटण्यासारखं होतं. भिंतीवर लोगो होता, टेबलावर पुस्तकं होती, बाहेर टाक्या रांगेत उभ्या होत्या.

इथेच खरी गोम आहे. रिफ्रेशर हा आधीच सर्टिफाइड असलेल्या डायव्हरसाठी असतो. मध्ये खंड पडला म्हणून कौशल्यं पुन्हा घासून घ्यायची, एवढाच त्याचा उपयोग. ज्याच्याकडे मुळात सर्टिफिकेटच नाही, त्याला रिफ्रेशर करून ते मिळत नाही. उदाहरण म्हणून पॅडी या डायव्हिंगची सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेचा ओपन वॉटर कोर्स पाहा. त्यात थिअरी आहे, तलावातली किंवा उथळ शांत पाण्यातली पाच सत्रं आहेत आणि समुद्रातल्या चार डाइव्ह आहेत. एका दिवसात समुद्रातल्या तीनपेक्षा जास्त ट्रेनिंग डाइव्ह करायच्या नाहीत, असा नियम आहे. म्हणजे नुसत्या समुद्रासाठीच निदान दोन दिवस हवेत. कुठल्याही साधनाशिवाय न थांबता २०० मीटर (किंवा मास्क, फिन आणि स्नॉर्केल लावून ३०० मीटर) पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगत राहावं लागतं. मला यातलं काहीही करायला लावलं नाही.

डाइव्हच्या आधी तब्येतीचा फॉर्म भरायचा असतो. हृदय, फुप्फुसं, कान, शस्त्रक्रिया, चालू औषधं, असे प्रश्न त्यात असतात. मी रक्तदाबाची गोळी घेते हे सांगितलं, तर तो म्हणाला, "सगळीकडे 'नाही'वर खूण करा, नाहीतर डॉक्टरांची सही लागेल आणि दिवस वाया जाईल." माझ्यासमोर त्याने स्वतः खुणा केल्या आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला. मी गोळीचं नाव त्यावर लिहायला लावलं, तेव्हा त्याने तो कागद घडी करून खिशात घातला. पुढे तो कुठे गेला, मला माहीत नाही. हा फॉर्म तुमच्या जिवासाठी आहे. पाण्याखाली काही झालं तर विमा कंपनी आधी तोच कागद मागते.

पाण्यात काय झालं, ते सविस्तर सांगते, कारण माझ्या मते खरी चोरी तिथे झाली. मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन नाकाने बाहेर काढणं एकदा करून घेतलं. तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारं साधन, काढून परत लावणं एकदा. दोन्ही वेळा मी तळाच्या वाळूवर गुडघ्यांवर बसलेली होते. हवा संपली तर सोबत्याच्या दुसऱ्या रेग्युलेटरमधून श्वास घेत वर कसं यायचं, पूर्ण मास्क काढून परत कसा घालायचा, अधांतरी स्थिर कसं राहायचं, यातलं काही नाही. उरलेला वेळ तो माझ्या टाकीचा व्हॉल्व्ह धरून मला मासे दाखवत फिरला. मासे सुंदर होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती ट्राय डाइव्हच होती, फक्त नाव बदलून विकलेली.

वर आल्यावर लॉगबुकात चार डाइव्ह लिहिल्या गेल्या, प्रत्यक्षात झाल्या होत्या दोन. विचारलं तर "असंच लिहितात" म्हणाला. तात्पुरतं कार्ड हाताने भरून दिलं आणि पक्कं ईमेलने येईल म्हणाला. पैसे त्याने रोख घेतले होते आणि पावतीवर 'डायव्हिंग' एवढाच शब्द होता.

ईमेल आली नाही. पुढच्या सुट्टीत दुसऱ्या बेटावरच्या सेंटरमध्ये मी ते कार्ड दाखवलं. तिथल्या बाईंनी नाव आणि जन्मतारीख टाकून शोधलं, मग स्पेलिंग बदलून शोधलं. काही नाही. मग कार्डावरचा इन्स्ट्रक्टर क्रमांक टाकला. तो निघाला एका डाइव्हमास्टरचा. डाइव्हमास्टर सर्टिफाइड लोकांना फिरवू शकतो, कोर्समध्ये मदत करू शकतो, पण ओपन वॉटरचं सर्टिफिकेट देण्याचा अधिकार त्याला नसतो.

त्या बाईंनी मला तलावात उतरवून पाहिलं. मास्क पूर्ण भरल्यावर मी श्वास रोखला आणि थेट वर झेपावले. त्यांनी मला दंडाला धरून थांबवलं. नंतर त्यांनी समजावलं ते लक्षात ठेवा. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखलेला असेल तर ती जागा फुप्फुस फाडून मिळते. त्यासाठी फार खोलीही लागत नाही, भरल्या छातीने दीडेक मीटर वर येणंही पुरेसं ठरू शकतं. आणि माझ्या कार्डाप्रमाणे मी सोबत्याबरोबर, इन्स्ट्रक्टरशिवाय, १८ मीटरपर्यंत जायला पात्र होते. हे कळल्यावर माझा राग पैशांवरून उठला आणि इथे येऊन बसला.

संस्थेकडे मी तक्रार केली. उत्तर सभ्य होतं : हे सेंटर आमचं सदस्य नाही, लोगोच्या गैरवापराची नोंद घेतली आहे. रोख रकमेचा माग बँकेतूनही काढता येत नाही. पैसे गेले ते गेलेच.

तर पैसे देण्याआधी इन्स्ट्रक्टरचं नाव आणि क्रमांक मागा आणि समोर उभं राहूनच संस्थेच्या संकेतस्थळावर तपासा. शिकवण्याचा परवाना चालू आहे का, तेही पाहा. सेंटरचं नाव तिथल्या यादीत शोधा. कोर्सचं पूर्ण नाव पावतीवर लिहून घ्या, कारण 'स्कूबा डायव्हर' आणि 'ओपन वॉटर डायव्हर' ही वेगळी कार्डं आहेत. पहिल्यात बारा मीटरच्या खाली जाता येत नाही आणि सोबत व्यावसायिक लागतो. ऑनलाइन थिअरीचं खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर उघडून घ्या. पॅडी असो वा एसएसआय ही तशीच दुसरी संस्था, तुमची नोंद तिथूनच सुरू होते. "ईमेलची गरज नाही, आम्ही इथेच पाहतो" असं कुणी म्हणालं, तर उठून दुसरीकडे जा. सुट्टी छोटी असेल तर थिअरी आणि तलावातला भाग घराजवळ उरकून समुद्रातल्या डाइव्ह तिकडे करता येतात. त्याला रेफरल म्हणतात आणि ते पूर्ण नियमात बसतं. परतीचं विमान असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास मोकळे ठेवा, कारण डाइव्हमध्ये शरीरात साठलेल्या नायट्रोजनचे विमानातल्या कमी दाबात बुडबुडे होऊ शकतात. एका दिवसात कोर्स उरकून रात्री विमानात बसवणाऱ्या सेंटरला तुमच्या सांध्यांची आणि मेंदूची काळजी नाही.

मी त्या बाईंकडेच सगळा कोर्स पहिल्यापासून केला, आधी डॉक्टरांची सही आणून.

तुमच्या हातात हाताने भरलेलं तात्पुरतं कार्ड असेल, तर थांबू नका. पॅडीचं असं कार्ड ९० दिवस चालतं आणि फसवणारे याच मुदतीच्या आड लपतात. नोंद सहसा थोड्याच दिवसांत दिसायला लागते. ती दिसत नसेल तर बेट सोडण्याआधी सेंटरमध्ये जाऊन समोर करवून घ्या, आणि ते टाळाटाळ करत असतील तर तिथूनच संस्थेला कार्डाचा फोटो पाठवा.