आर्किटेक्चरच्या क्लासची फी म्हणून गळ्यात पडलेलं कर्ज

बोर्डाचे निकाल लागले की नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत क्लासेसचे फ्लेक्स झळकू लागतात. हल्ली त्यात 'नाटा' आणि 'जेईई पेपर टू' या आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षांच्या क्लासेसचेही फ्लेक्स असतात. ज्यांच्या घरात मूल बी.आर्क.चं नाव काढतंय, त्यांनी पैसे भरायच्या आधी हे वाचावं म्हणून लिहितेय. क्लासचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

माझ्या मुलीला चित्रकलेची पहिल्यापासून आवड. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट दोन्हीला 'ए' ग्रेड. बारावीचं वर्ष सुरू होताना, जून २०२४ मध्ये, आम्ही ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये चौकशीला गेलो. भिंतभर यशस्वी मुलांचे फोटो होते. डेमो लेक्चर घ्यायला आलेले सर अप्रतिम शिकवणारे होते. बोलता बोलता त्यांनी फळ्यावर एक जिना काढला, आणि त्या तासानंतर मुलगी दुसरीकडे कुठे बघायलाच तयार होईना. ते सर नंतर पुन्हा कधी दिसले नाहीत. पुढे शिकवायला येत होता तो आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा. बिचारा आपल्या सबमिशनच्या आठवड्यात यायचाच नाही.

१९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार नावापुढे 'आर्किटेक्ट' लावायचं तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर पडताळता येतो. डेमोवाल्या सरांचा क्रमांक मी क्लासच्या काउन्सेलर मॅडमकडे दोनदा मागितला, दोन्ही वेळा 'पाठवते' एवढंच उत्तर मिळालं. क्लासच्या पत्रकावर 'कौन्सिल-मान्य' असंही छापलं होतं. कौन्सिल मान्यता देते ती आर्किटेक्चरच्या कॉलेजांना. खाजगी क्लासला मान्यता देणं हे तिचं कामच नाही. असा शब्द पत्रकावर दिसला तर तिथूनच मागे फिरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैशाचं. वर्षाची फी ८५,००० रुपये. काउन्सेलर मॅडम टॅब घेऊन शेजारी बसल्या. 'ताई, एकदम कशाला भरताय? दहा हप्त्यांत बसवून देते, व्याज शून्य. आधार, पॅन द्या आणि ओटीपी सांगा. मध्येच क्लास सोडलात तर पुढचे हप्ते आपोआप थांबतील.' हे शेवटचं वाक्य धादांत खोटं होतं. त्या टॅबवर भरला गेला तो माझ्या नावावरच्या कर्जाचा अर्ज होता. एका फायनान्स कंपनीने पूर्ण रक्कम क्लासला देऊन टाकली आणि माझ्या खात्यातून दरमहा ८,५०० कापायला सुरुवात केली. कराराची इंग्रजी पीडीएफ रात्री ई-मेलवर आली. क्लासने दिलेल्या पावतीवर कर्जाचा 'क'सुद्धा नव्हता, फक्त 'फी पूर्ण जमा'.

शिकवण्याबद्दल सांगायचं तर, घरी येणाऱ्या नोट्स जुन्या होत्या. नाटा २०२१ ते २०२३ या वर्षांत पूर्णपणे संगणकावर होत होती, कागदावर चित्र काढायचंच नव्हतं. २०२४ पासून ड्रॉइंग परत आलं. मुलगी २०२५ ला बसणार होती, तेव्हाचं स्वरूप असं होतं: पार्ट ए ८० गुणांचा, कागद-पेन्सिलीवर, ९० मिनिटांत रंगरचना, काळ्या-पांढऱ्यातलं स्केच आणि दिलेल्या साहित्यातून थ्रीडी रचना, पार्ट बी १२० गुणांचा, संगणकावर. एकूण २०० पैकी ८० गुण हातांच्या कामाला, आणि हा क्लास मुलांकडून जुन्या एमसीक्यूच्या झेरॉक्स सोडवून घेत होता. थ्रीडी रचनेचं साहित्य वर्गात एकदाही आलं नाही. ड्रॉइंगच्या शीट्स तपासायला म्हणून मागून घ्यायचे. एकदा मुलीने शीट गुंडाळून दिली, ती आठवड्याने परत आली तेव्हा रबरबँड तिने घातला होता तसाच, तीन वेढ्यांचा. आत खूण नाही, रेघ नाही.

वर सांगायचे, 'बारावीचं टेन्शन घेऊ नका, फक्त नाटा बघा.' हा सल्ला पोरांचं थेट नुकसान करणारा आहे. महाराष्ट्रात सीईटी सेलच्या 'कॅप' म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी गुणवत्ता यादी लागते, तिच्यात निम्मा वाटा बारावीच्या गुणांचा असतो आणि निम्मा नाटा किंवा जेईई पेपर टूचा. एनआयटी किंवा दिल्लीचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) हवं असेल तर जेईईचा पेपर टू द्यावा लागतो, तिथे नाटा चालत नाही. आयआयटीच्या बी.आर्क.साठी जेईई अ‍ॅडव्हान्स्डनंतर एएटी ही वेगळी अभिरुची चाचणी असते. हे सगळं चौकशीच्या पहिल्याच भेटीत सांगायला हवं. त्यांनी सगळ्यांना एकच पॅकेज विकलं.

दिवाळीनंतर ठाण्याची शाखा 'मर्ज' झाली. म्हणजे बंद झाली. उरलेले वर्ग वाशीला. बारावीच्या पोरांनी कॉलेज करून ट्रान्स हार्बर लोकलने वाशी गाठायची आणि साडेनऊला घरी यायचं. आम्ही क्लास सोडला, फी परत मागितली. उत्तर एका ओळीचं: 'फी नॉन-रिफंडेबल आहे.' हप्ते मात्र चालूच. डिसेंबरचा हप्ता मी थांबवला तर वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले आणि सिबिल स्कोअर घसरला तो वेगळाच.

त्याच सुमारास भिंतीवरच्या फोटोंचं गुपित कळलं. त्यातल्या एका मुलीची आई आमच्या ओळखीची निघाली. तिच्या लेकीने तिथे दोन दिवसांची फुकट मॉक टेस्ट दिली होती, बस एवढंच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढलेत. फोटो लावायचा तर निवड झाल्यानंतर घेतलेली लेखी संमती हवी, आणि त्या मुलाने कुठला कोर्स केला, किती काळाचा, पैसे भरून की फुकट, हेही जाहिरातीत सांगावं लागतं. तुम्ही भिंतीवरच्या कुठल्याही फोटोवर बोट ठेवून हे तिन्ही प्रश्न विचारा.

जानेवारीपासून मुलगी नेरूळच्या एका आर्किटेक्ट बाईंकडे रविवारी जाऊ लागली. मोजकी मुलं, फी महिन्याच्या महिन्याला. त्या मुलांना बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये घेऊन गेल्या. चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात आखलेली ती वसाहत, अंगणाभोवती सात-सात घरांचे पुंजके. तिथे बसून मुलांनी स्केचेस केली. नंतर बाईंनी प्रत्येकाच्या शीटवर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि लाल पेन्सिलीने रेघा ओढून परस्पेक्टिव्ह कुठे घसरलाय ते दाखवलं. माझ्या मुलीच्या कौलारू छपराच्या समांतर रेषा एकाच बिंदूकडे जायच्या ऐवजी दोन वेगळ्या बिंदूंकडे पळत होत्या. हे तिला आधीच्या क्लासात कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून क्लास निवडताना टॉपरची चित्रं बघू नका, गेल्या वर्षीच्या साध्यासुध्या मुलांच्या तपासलेल्या शीट्स मागा. त्यांच्यावर शिकवणाऱ्याच्या हाताच्या खुणा नसतील तर तिथे कुणी शिकवत नाही.

तक्रार मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर केली. क्लासने दाद दिली नाही, म्हणून ई-जागृती पोर्टलवरून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात गेले. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मध्येच क्लास सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असं म्हटलंय. ती राज्यांनी राबवायची आहेत, पण तक्रारीत उल्लेख जरूर करा.

आणि ज्यांनी कालपरवाच टॅबवर ओटीपी दिलाय त्यांनी आज रात्रीच मेल उघडा. 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा, कर्जाच्या मुख्य अटींचा कागद शोधा, त्यात 'कूलिंग-ऑफ' मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. क्लासला आणि फायनान्स कंपनीला वेगवेगळं लेखी कळवा, फोनवर बोलणं पुरत नाही. कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फोन १४४४८. आणि क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं सगळं चॅट आधी एक्स्पोर्ट करून ठेवा. 'हप्ते आपोआप थांबतील' हे काउन्सेलरने तिथेही लिहिलं होतं, आणि आज आमच्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.