चराईबंदी की मेंढरं बसवणं?

निपाणीकडचा मावसभाऊ विचारतो, गावात चराईबंदीचा ठराव करावा, की धनगरांशी बोलून खतासाठी रात्री रानात मेंढरं बसवावीत?

खर्च बघ. बंदीला राखण्या हवा, कोंडवाडा हवा, रोजची वादावादी वेगळीच. बसवायचं तर धनगराला धान्य-पैसे द्यायचे. पण सकाळी वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, उठली की सोयाबीन काढलेल्या रानात लेंड्यांचा काळा सडा, वर मुताचा उग्र वास. असलं खत पोत्यात मिळत नाही.

बंदी टिकण्याचं म्हणशील, तर नायजेरियातल्या बेन्वे राज्यानं २०१७ साली उघडी चराई कायद्यानं बंद केली. जानेवारी २०१८मध्ये गुराखी-शेतकरी वादातल्या तिथल्या हल्ल्यांत ७०हून अधिक माणसं गेली.

उसाची कोवळी लावण, भाजीपाला असेल तिथं बंदीच. सुगीनंतर रान मोकळं पडत असेल, तर तारीख ठरवून मेंढरं बसव.