पॉइंट बावीसच्या सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये बुडालेले २,८५,००० रुपये

दिले २,८५,०००, कागदावर १,१०,०००. मधले १,७५,००० रोख गेले, त्यांचा आज पुरावा नाही. ग्वाल्हेरात जुनं विलायती हत्यार असंच विकलं जातं, इथल्या लष्कर भागात कोणालाही विचारा. मी एकट्याने केलं असं नाही. तरी सांगतो, बँकेतून न जाणारा एक रुपया देऊ नका.

कबूल केलं होतं ते असं: रुगर या अमेरिकी कंपनीचं सिंगल-सिक्स, म्हणजे दर वेळी हॅमर (मागचा घोडा) हाताने ओढून झाडायचं सहा घरांचं रिव्हॉल्व्हर; १९७३ नंतरचं न्यू मॉडेल, ट्रान्स्फर बारचं (ट्रिगर दाबला तरच हॅमरचा घाव पिनपर्यंत नेणारी पट्टी), सोबत लाँग रायफल आणि मॅग्नम या दोन जातींच्या काडतुसांसाठी दोन सिलिंडरं (काडतुसं भरायची फिरती चाकं). विकणारा परवानाधारक. त्याने लेखी सूचना दिली, ४५ दिवस थांबलो, परवान्यावर नोंद झाली.

आता जे डोळ्यांदेखत घडलं ते. त्याने हॅमर अर्धा ओढला, गेट (भरायचं झाकण) उघडलं आणि अंगठ्याने सिलिंडर फिरवून दाखवलं. अरे, न्यू मॉडेलमध्ये हॅमर खालीच राहतो, गेट उघडलं की सिलिंडर मोकळं! हाफ-कॉक, म्हणजे हॅमर अर्धा ओढणं, लागतो तो जुन्याला. फ्रेमवर तीन स्क्रूंची डोकी दिसत होती. नव्यावर दोन पिना असतात. हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी पैसे मोजत होतो. वर त्याने रिकाम्यावर तीनदा हॅमर पाडला, तेव्हाही बोललो नाही. रिमफायरमध्ये (काडतूस बुडाच्या कडेवर, म्हणजे रिमवर, ठोकून उडतं) रिकाम्यावर पिन थेट चेंबरच्या, म्हणजे काडतुसाच्या घराच्या, काठावर बसू शकते, काठ ठेचला जातो, तिथे रिमला आधार उरत नाही.

रेंजवर ५० काडतुसांत १४ उडाली नाहीत. तीच चौदा अर्धा वळसा फिरवून पुन्हा लावली तर ९ उडाली, म्हणजे दोष काडतुसांचा नव्हे. उडालेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी (केस) इतकी घट्ट अडकली की रेटता रेटता ती बाहेर ढकलणारी दांडी, इजेक्टर रॉड, वाकला. मॅग्नमचं सिलिंडर तर दुसऱ्याच हत्याराचं: चेंबर नळीच्या रेषेत येत नाही, शिसं बाजूला उडतं. जोडीच्या सिलिंडरवर बरेचदा हत्याराच्या नंबरचे शेवटचे तीन आकडे कोरलेले असतात. माझ्या सिलिंडरवर त्या जागी घासलेलं आहे. भिंग घेऊन जा. आणि मॅग्नमच्या सिलिंडरात लाँग रायफल कधीच घालू नका. केस सैल बसते, फुगते, फाटते.

ठाण्यात म्हणाले, "सिविल मामला है." आवेदन घेतलं, पोच दिली नाही. दुसऱ्यांदा गेलो तर आवेदनच सापडेना. परवान्याच्या खिडकीवर उत्तर मिळालं की नंबर जुळतो, नोंद झाली, आमचं काम संपलं. ट्रान्स्फर बार म्हणजे काय, हे तिथे एकालाही सांगता आलं नाही! तिसऱ्या साहेबांनी उलट मलाच विचारलं, रोख का दिलेत? पाच चकरा, पाच दिवस, आणि फसवणारा इसम मोकळा. उद्या एखाद्याने न्यू मॉडेल समजून सहा भरली आणि हत्यार हॅमरवर पडलं, तर गोळी कोणाला लागेल? तेव्हा मात्र हेच लोक पंचनामा करायला धावतील.

जुन्या मॉडेलला कंपनी ट्रान्स्फर बार बसवून देते, पण अमेरिकेत. इथून पाठवणार कसं? दुरुस्तीला ठेचलेले काठ आणि रॉड मिळून १८,५०० सांगितलेत. तोवर पाचच भरायची, सहावं घर रिकामं आणि हॅमर त्याच्यावर.