आईच्या मणक्याचं ऑपरेशन आणि स्पाइन सर्जन: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

दिवाळीनंतर आईच्या कंबरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, आता गणपती तोंडावर आलेत. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांत लिहिलेले रिव्ह्यू मी फार धरत नाही, मणक्याचं खरं काय ते सहा महिन्यांनी कळतं, म्हणून एवढं थांबून लिहितोय. डॉक्टर पुण्याचे, नाव इथे टाकत नाही.

आई ६६ वर्षांची, साताऱ्यात राहते, शुगर आहे. राजवाड्यावरनं पोवई नाक्याकडे निघाली की मध्येच दोन्ही पिंढऱ्या भरून यायच्या, पाय जड व्हायचे, कुठंतरी कट्ट्यावर बसलं की पाच मिनिटांत मोकळं. आधी एका ठिकाणी दाखवलं तिथे एमआरआय लाइटवर लावला, एल-फोर एल-फाईव्हला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये) नस दबलीय आणि मणका थोडा सरकलाय, स्क्रू-रॉड टाकावे लागतील, तारीख घेऊन टाका असं सांगितलं, आईच्या पायाला हातसुद्धा लावला नाही. याचा मला अजून राग आहे.

मग पुण्याला गेलो. या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली आणि आईला विचारलं, "काकू, पाय भरून आल्यावर नुसतं उभं राहून बरं वाटतं का बसावंच लागतं?" आई म्हणाली बसावं लागतं, नाहीतर कठड्यावर पुढं वाकून टेकावं लागतं. मग चपला काढायला लावून दोन्ही पावलांवर नाडी बघितली, अंगठा वर उचलून त्यांच्या हाताविरुद्ध जोर लावायला सांगितला, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. कारण नंतर समजावलं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पिंढऱ्या दुखतात पण तिथे नुसतं थांबलं तरी आराम पडतो, आणि मणक्यातली नसांची नळी अरुंद असेल तर बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय पडत नाही, कारण वाकलं की ती नळी थोडी उघडते. शुगरवाल्यांना दोन्ही होऊ शकतं, वर शुगरमुळे नसा खराब होऊन तळवे बधिर होतात ते तिसरंच. चुकीच्या दुखण्याचं ऑपरेशन व्हायची भीती इथेच असते.

नंतर उभं राहून पुढे वाकून एक आणि मागे वाकून एक असे एक्स-रे काढायला लावले. एमआरआय झोपवून काढतात त्यामुळे मणका हलतोय का ते त्यात नीट दिसत नाही. आईचा मणका सरकलेला होता पण हलत नव्हता, म्हणून ते म्हणाले स्क्रूची गरज मला दिसत नाही, फक्त नसेवरचा दाब काढू. घरी येऊन मी वाचलं तर स्वीडनचा २०१६ चा आणि नॉर्वेचा २०२१ चा मोठा अभ्यास हेच सांगतो, की अशा बऱ्याच पेशंटना नुसता दाब काढून जेवढा फायदा होतो त्यापेक्षा स्क्रू टाकून खास जास्त होत नाही. सगळ्यांना लागू नाही, मणका हलत असेल किंवा वाकडा असेल तर फ्यूजन (स्क्रू-रॉडने मणके जोडणं) लागू शकतं, हेही डॉक्टरांनीच सांगितलं.

आणि लगेच तारीखही दिली नाही हं. आधी फिजिओथेरपी, मग मणक्यात इंजेक्शन. तेव्हाच बजावलं होतं की आराम तात्पुरता असेल आणि स्टिरॉइडमुळे काही दिवस शुगर वाढेल, दोन्ही तसंच झालं. मग ऑपरेशन ठरलं तर तीन महिन्यांची शुगर जास्त आली म्हणून पुढे ढकललं, जखम चिघळू नये म्हणून. तेव्हा आम्ही वैतागलो होतो, आज बरं वाटतं.

डॉक्टरांच्या शिक्षणाचं बरेच जण विचारतात. एमबीबीएस, मग एमएस ऑर्थो तीन वर्षं, त्यावर स्पाइनची दोन वर्षांची एफएनबी (नॅशनल बोर्डाची) फेलोशिप. साधे ऑर्थोपेडिक सर्जन गुडघे, फ्रॅक्चर सगळंच बघतात, हे फक्त मणकाच करतात. मणक्याची ऑपरेशनं न्यूरोसर्जनही करतात आणि चांगली करतात, तेव्हा त्यावरनं अडून बसू नका. रजिस्ट्रेशन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर बघता येतं, ते बघा.

ऑपरेशन मायक्रोस्कोपखाली झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवलं. आज आई न बसता मंडईत जाऊन येते, पिशवी मात्र मी उचलू देत नाही. तळव्यांचा बधिरपणा अजून आहे आणि सकाळी कंबर धरते, पण चालण्यात फरक पडेल, बधिरपणाची आणि कंबरदुखीची खात्री देत नाही हे त्यांनी सही घेण्याआधी आईला समोर बसवून सांगितलं होतं, मला बाजूला घेऊन नाही. मला सगळ्यात हे आवडलं.

खटकलं ते पण सांगतो. ओपीडीत अपॉइंटमेंट असूनही तासन् तास बसावं लागतं आणि मणक्याच्या पेशंटला त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या म्हणजे शिक्षाच आहे. डॉक्टर स्वतः फोनवर भेटत नाहीत, असिस्टंटला मेसेज टाकावा लागतो, उत्तर येतं पण संध्याकाळी. टाके काढायलाही असिस्टंटच होते.

एक मात्र त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं होतं, ते आमच्या फ्रिजवर अजून लावलेलं आहे: लघवी-संडासचा कंट्रोल गेला, बसायच्या जागी बधिर झालं किंवा पाऊल लुळं पडलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीला जायचं, रात्र असली तरी. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी एवढं आजच लिहून घ्या. आणि दाखवायला जाताना नुसता रिपोर्ट नको, एमआरआयची फिल्म किंवा सीडी आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या, रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती पहिल्यांदा सांगा.