कॅडेटांसाठीचे प्रथमोपचार प्रशिक्षण : शिकवणारा कोण, हे आधी पाहावे

फोंडा तालुक्यातील आमच्या हायस्कुलात एनसीसीच्या ज्युनियर तुकडीसाठी एका खासगी संस्थेने नुकतेच प्रथमोपचाराचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले. तुकडीचा एएनओ (असोसिएट एनसीसी ऑफिसर, म्हणजे तुकडी सांभाळणारा शिक्षक) या नात्याने मी दोन्ही दिवस पूर्णवेळ सभागृहात होतो. असे प्रशिक्षण ठरवू पाहणाऱ्या गोव्यातील इतर शाळांना उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आरोग्य, स्वच्छता आणि प्रथमोपचार हे विषय एनसीसीच्या अभ्यासक्रमात आहेतच, आणि ‘ए’ प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी मुले ते पाठही करतात. अडचण असते ती शिकवणाऱ्याची. आम्ही एएनओ कामठी किंवा ग्वाल्हेर येथील अकादमीतून कवायत, शस्त्रप्रशिक्षण, नकाशावाचन आणि शिबिराची व्यवस्था शिकून येतो. पीआय स्टाफ, म्हणजे एनसीसीचे कायम प्रशिक्षक, सैन्यातला असल्याने त्याची शिस्त आणि कवायत वादातीत असते. मात्र स्वतःला प्रथमोपचार करता येणे वेगळे आणि तो दुसऱ्याला शिकवण्याची पात्रता असणे वेगळे, आणि खांद्यावरील फितींवरून ही पात्रता गृहीत धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बाबतीत संस्थेने मन जिंकले. दोन्ही प्रशिक्षकांनी न विचारता आपली प्रशिक्षक म्हणून असलेली कार्डे मुख्याध्यापकांसमोर ठेवली आणि त्यांवरील मुदतीची तारीख दाखवली. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे प्राथमिक जीवरक्षण) कार्ड दोनच वर्षे चालते, कारण हाताचे कौशल्य सरावाविना लवकर उतरते. जुने, मुदत संपलेले प्रमाणपत्र चौकटीत लावून वर्ग घेणारे लोकही मी पाहिले आहेत, म्हणून या साध्या गोष्टीचे मोल मला अधिक वाटले.

सीपीआरचे, म्हणजे हृदय थांबलेल्याला छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देण्याचे, सत्र सर्वांत सरस झाले. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, 30 दाबांनंतर दोन श्वास, एवढे फळ्यावर लिहून प्रशिक्षक थेट पुतळ्यांकडे वळले आणि प्रत्येक कॅडेटला गुडघ्यांवर बसवले. आठवीतील एका लहानखुऱ्या मुलीचा दाब काही केल्या पुरेसा खोल जाईना. प्रशिक्षिका तिच्या शेजारी बसल्या, तिचे वाकलेले कोपर सरळ केले, खांदे तळव्यांच्या बरोबर वर आणायला लावले आणि म्हणाल्या, ‘‘हातांनी नको गं, अंगाच्या भाराने दाब.’’ पुढच्याच दाबाला पुतळ्यातून ‘टक्’ असा आवाज आला. दाब देणारा दर दोन मिनिटांनी बदलायचा, हेही जोड्या लावून करून घेतले. त्रिकोणी पट्टीची झोळी बांधल्यावर हाताच्या नखांचा रंग पाहायला लावणे, भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट किंवा हळद न लावता 20 मिनिटे वाहते पाणी सोडणे, नाकातून रक्त आल्यास डोके मागे न टाकता पुढे झुकवणे, या गोष्टी नेमक्या आणि नीट झाल्या.

उणीव राहिली ती बुडण्याच्या विषयात, आणि ती गोव्यात क्षम्य नाही. येथे समुद्रकिनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. पण नदीवर, धबधब्याखाली आणि पावसाने भरलेल्या चिऱ्यांच्या खाणीवर कोणी नसते, आणि आमची मुले जातात ती नेमकी तेथेच. बुडालेल्याचे हृदय प्राणवायू न मिळाल्याने थांबलेले असते, त्यामुळे तेथे आधी श्वास द्यावे लागतात आणि मग दाब. प्रशिक्षकांनी मात्र हृदयविकाराचाच क्रम सांगून विषय आवरला. स्वतः पाण्यात उडी न घेता आधी आरडाओरडा करून माणसे गोळा करावीत आणि दोरी, बांबू किंवा रिकामा कॅन फेकावा, हे तर राहूनच गेले. सर्पदंशाला जेमतेम काही मिनिटे मिळाली. आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये, एवढे सांगितले गेले. परंतु दंश झालेला अवयव खपच्या लावून स्थिर कसा ठेवायचा आणि 108 ला फोन करून रुग्णाला म्हापसा, मडगाव किंवा गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) यांपैकी जवळच्या इस्पितळात विनाविलंब कसे पोहोचवायचे, याचा सराव झाला नाही. कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, वावरणाऱ्या मुलांना तो हवाच होता.

दुसरा आक्षेप प्रमाणपत्राविषयी आहे. केवळ हजर राहिलेल्यालाही आणि उत्तम दाब देणाऱ्यालाही एकच ‘उत्तीर्ण’ असा कागद देण्यात आला. ज्याची हातचाचणी झाली नाही, त्याला उपस्थितीचे प्रमाणपत्र द्यावे. नाहीतर वार्षिक शिबिरात त्या कागदावर विसंबून कोणीतरी त्या मुलाला प्रथमोपचार पथकात उभे करील.

तरीही शिकवण्याच्या दर्जासाठी मी ही संस्था निःसंकोच सुचवीन. पुढील वर्गासाठी तिलाच विचारले असून दोन अटी लेखी घातल्या आहेत : बुडणे आणि सर्पदंश यांसाठी पूर्ण अर्धा दिवस, आणि तोही पावसाळ्यापूर्वी, तसेच प्रत्येक कॅडेटची स्वतंत्र चाचणी. पहिली अट त्यांनी लगेच मान्य केली आहे, दुसरीसाठी आणखी एक प्रशिक्षक लागेल असे कळवले आहे, आणि त्याचा वाढीव खर्च पालक-शिक्षक संघापुढे मी ठेवणार आहे.