डायव्हर्टिक्युलायटिस: ऑपरेशन की औषध-पथ्य?

मोठ्या आतड्याला आलेल्या छोट्या पिशव्या सुजतात, तो हा आजार. आतडं फुटून पोटभर पू पसरला तर तातडीचं ऑपरेशन; तिथे तुलनाच नाही. प्रश्न पडतो तो दुखणं पुन्हा पुन्हा उलटतं तेव्हा.

नेदरलँड्समध्ये अशा 109 रुग्णांवर ‘डायरेक्ट’ चाचणी झाली. साधारण निम्म्यांचा आजारी भाग काढला, बाकीच्यांना ऑपरेशनविना सांभाळलं. 5 वर्षांनी ऑपरेशनवाल्यांचं जगणं जास्त सुसह्य होतं. थांबलेल्यांपैकी 46 टक्क्यांना शेवटी टेबलावर जावंच लागलं. म्हणजे निम्म्याहून अधिकांचं त्याविना भागलं, हेही खरंच. शिवाय आतड्याचा जोड गळण्याची, काही काळ पोटावर मल गोळा करणारी पिशवी लावण्याची जोखीम ऑपरेशनला असतेच.

माझं मत? क्वचित सौम्य झटका येत असेल तर थांबा. पण कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत दरवेळी अंथरूण धरावं लागत असेल, तर जळगाव-धुळ्याच्या सर्जनला भेटाच. नुसते झटके मोजून ठरवू नका.

जाता जाता: भरताच्या वांग्यातल्या बिया, शेंगदाणे आतड्याच्या त्या छोट्या पिशव्यांत अडकून त्रास होतो, ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. झटका ओसरल्यावर कळण्याची भाकरी खुशाल खा. विडी मात्र दोन्ही वाटांवर बंद.